हॉलची किल्ली

आमच्या सोसायटीच्या हॉलची किल्ली पूर्वी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. कुणी ती खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून तिला नाडीने टेबल टेनिसची एक जुनी, रबर निघालेली बॅट बांधली होती. दुपारी दोन ते चार भजनी मंडळ. सहाला पोरं यायची आणि बॅटसकट किल्ली उचलून हॉल उघडायची. साडेसातला पोरांना हुसकावून कॅरमवाले काका बसायचे आणि रात्री दहाला वॉचमन ओरडला की उठायचे. हॉल दिसायला भिकार होता. चार ट्यूबलाइट, त्यातली एक कायम फडफडणारी, दोन पंखे आणि भिंतीवर डोकी टेकून टेकून पडलेला तेलकट पट्टा.

दीड वर्षापूर्वी या हॉलचं नूतनीकरण झालं. ८४ फ्लॅट, प्रत्येकी १३ हजार, म्हणजे जवळपास ११ लाख रुपये. फॉल्स सीलिंग आलं, त्यात लपवलेले पिवळे दिवे आले. एका भिंतीला उभ्या पट्ट्यांचं पॅनेल आणि त्यावर सोनेरी अक्षरांत सोसायटीचं नाव. मखमली कापडाचे करड्या रंगाचे सोफे. कोपऱ्यात प्लास्टिकचं हुबेहूब झाड. उद्घाटनाला आम्ही सगळे सेल्फी काढत होतो, मीही काढला.

आता किल्ली सेक्रेटरींच्या घरी असते. हॉल हवा असेल तर तीन दिवस आधी अर्ज करायचा आणि पाच हजार डिपॉझिट भरायचं. सोफ्यावर खाद्यपदार्थ नेऊ नयेत, भिंतीला टेप लावू नये, लहान मुलांना एकटं सोडू नये. हॉल महिन्यातून एकदा उघडतो, फार तर दोनदा. भजनी मंडळ एका काकूंच्या घरी भरतं, कॅरम पार्किंगमध्ये गेला. ती बॅट कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत शोकेसमध्ये एक टी-सेट असायचा. पाहुण्यांसाठी ठेवलेला आणि पाहुणे आले तरी न निघणारा, कारण एखादी बशी फुटली तर सेट मोडेल. घरातली माणसं कान तुटलेल्या कपांतून चहा प्यायची आणि दिवाळीला तो सेट पुसून परत ठेवायची. आम्ही ११ लाखांना तसा एक टी-सेट विकत घेतला. फरक इतकाच, की घरातला सेट बंद राहिल्याने कुणाचं अडत नव्हतं.

माझा आक्षेप नूतनीकरणावर नाही, आणि इंटिरिअर डिझायनरवर तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो आपण त्यांच्यापुढे ठेवत असलेल्या मागणीवर. कमिटीच्या पहिल्या मीटिंगला मोबाइलवर जे फोटो फिरले ते सगळे हॉटेलांच्या लॉबीचे होते. "असं काहीतरी करा." हॉटेलची लॉबी तशी दिसते ती संगमरवरामुळे कमी आणि तिथे दिवसभर फडकं घेऊन फिरणाऱ्या माणसांमुळे जास्त. उशी वाकडी झाली की सरळ करायला माणूस असतो, काचेवर बोटं उमटली की पुसायला दुसरा. आमच्याकडे तीन इमारतींचे जिने, पार्किंग आणि कचरा मिळून हाउसकीपिंगची दोन माणसं आहेत. हॉटेलचा देखावा हॉटेलच्या मनुष्यबळाशिवाय आणला, तर तो टिकवायचा एकच मार्ग उरतो: जागा कुणाला वापरूच द्यायची नाही. म्हणजे कुलूप हा सेक्रेटरींचा खडूसपणा नव्हता, आम्ही निवडलेल्या कापडाच्या नमुन्यातच ते होतं. करड्या मखमलीवर आमटी सांडली तर काय, हा प्रश्न नमुना निवडताना विचारला असता, तर अर्जाचा तो छापील कागद जन्मालाच आला नसता.

यावर लगेच चाळीची आठवण काढायची आपल्याकडे पद्धत आहे. गॅलरी, सामायिक नळ, मधला चौक, तिथले गणपती. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो चाळीच्या आवारातच. पण चाळीतली माणसं गॅलरीत बसायची कारण खोली दहा बाय दहाची होती आणि आत बसायला जागाच नव्हती. त्या सहवासात जुलमाचा भाग मोठा होता, संडासच्या रांगेचाही होता. ते दिवस परत यावेत असं त्या रांगेत उभं राहिलेलं कुणी म्हणत नाही. मला जास्त जवळचं वाटतं ते १९१५ साल. त्या वर्षी गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, आपल्या देशातल्या सहकारी गृहरचनेची सुरुवात म्हणून तिचं नाव घेतात. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे प्रमुख. ती एका ज्ञातीपुरती होती, हे खरंच. पण इमारतीची मालकी सगळ्यांची मिळून, ही कल्पना तिथून आपल्या अंगवळणी पडत गेली. आज शेअर सर्टिफिकेट कपाटात असतं, 'सहकारी' हा शब्द लेटरहेडवर असतो, आणि हॉलमध्ये जायला मात्र परवानगी लागते. कुणाची, तर आपण मत देऊन बसवलेल्या शेजाऱ्याची!

कायद्याने बघितलं तर या जागा कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या 'कॉमन एरिया'च्या व्याख्येत जिने, लॉबी, गच्ची, बाग, खेळायची जागा आहेच. शिवाय देखभालीच्या आणि पहाऱ्याच्या माणसांच्या राहण्याची जागाही त्यात धरलेली आहे. हे शेवटचं वाक्य किती कमिट्यांनी वाचलंय? आमच्याकडे लॉबीत इटालियन मार्बलसारखी दिसणारी फरशी आली तेव्हा वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा नव्हता. बारा तासांची ड्यूटी, पत्र्याचं छप्पर, पाय मोडलेली खुर्ची, त्याखाली लाकडी ठोकळा. त्याला लघवीला जायचं असेल तर बी विंगच्या मागे पंपरूमजवळ एक शौचालय आहे, तिथे दिवा नाही. कोणत्याही सोसायटीचं नूतनीकरण बघायला गेलात तर आधी ही जागा बघा. आमच्या कोटेशनमध्ये सोनेरी अक्षरांना वेगळी ओळ होती, केबिनला नव्हती.

आता हॉलकडेच परत जाऊ, कारण तिथे डिझाइन या गोष्टीचा खरा उपयोग होता आणि नेमका तोच निसटला.

पहिली गोष्ट आवाजाची. नव्या हॉलमधली पहिली सर्वसाधारण सभा मला आठवते. खजिनदार हिशेब वाचत होते आणि मागच्या रांगेत फक्त "हजार... हजार... हजार" ऐकू येत होतं. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, एका बाजूला पूर्ण काच, वर जिप्समचं सपाट छत. सगळे पृष्ठभाग कडक, आवाज परतवणारे. जुन्या हॉलला निदान दोन खिडक्यांचे जाड पडदे आणि कोपऱ्यात रचलेल्या सतरंज्या होत्या. १८९५ च्या सुमाराला हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह असंच घुमत होतं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, म्हणजे पुढची बारापंधरा अक्षरं त्यावर चढायची. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करत मांडल्या, घुमणं किती कमी होतं ते मोजलं आणि सकाळ व्हायच्या आत परत नेऊन ठेवल्या. ध्वनिशास्त्राचं एक अख्खं सूत्र त्या गाद्यांतून निघालं. आपल्या मांडववाल्यांना ते सूत्र माहीत नसतं, पण कनाती आणि सतरंज्यांनी ते काम आपोआप होतं. आमच्या हॉलला सोनेरी पॅनेलऐवजी त्याच भिंतीवर कापड चढवलेली, आत आवाज शोषणारं रॉकवूल भरलेली पॅनेल लावली असती, किंवा सरकारी ऑफिसात असतात तसल्या भोकाभोकांच्या सीलिंग टाइल घेतल्या असत्या, तर भजनही ऐकू आलं असतं आणि हिशेबही. त्या टाइल दिसायला रुक्ष असतात, हे मान्य. पण सभेत मागच्या रांगेला ऐकूच येत नसेल तर तिथल्यांनी हात वर करून मंजूर करायचं तरी काय?

दुसरी गोष्ट बसण्याची. उद्घाटनाच्या दिवशी ए विंगमधल्या एक आजी सोफ्यावर बसल्या. सोफा खोल, बुटका, आणि त्याला हात नाहीत. आरती सुरू झाली तशा त्या उठायला गेल्या आणि उठता येईना. डावा हात गुडघ्यावर, उजवा हात धरायला काही शोधतोय आणि हाताला मऊ कापडाशिवाय काही लागत नाही. दोन बायकांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. आजी हसल्या, "मला गिळलंच की गं याने," म्हणाल्या. त्यानंतर त्या हॉलमध्ये आलेल्या मी पाहिल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला लागते ती साधारण अठरा इंच उंचीची, टणक बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची. यात काही गुपित नाही, कोणताही सुतार सांगेल. उजेडाचंही तसंच. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. लपवलेल्या पिवळ्या दिव्यांच्या मंद प्रकाशात फोटो सुरेख येतात. पत्त्यांतली बदामची सत्ती आणि अठ्ठी मात्र ओळखू येत नाही, आणि रमीत त्यावर भांडणं होतात.

फरशीबद्दल एकच. श्रावणात बायकांनी मंगळागौरीचे खेळ ठरवले होते. दोघी फुगडीला उभ्या राहिल्या, तिसऱ्या गिरकीला एकीचा पाय सुटला. मनगटावर निभावलं. ओल्या पावलांनी पावसातून आत आलं की त्या चकचकीत फरशीवर चालणंही अवघड, फुगडी तर लांबच. जुनी कोटा फरशी काळवंडलेली होती, पण पाय धरायची.

आणि दारातल्या त्या दोन पायऱ्या. प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एक फूट चढ. व्हीलचेअरचा रॅम्प एकास बारा असावा लागतो, त्या हिशेबाने बारा फूट लांब उतार हवा, बाजूला धरायला रेलिंग हवं. जागा होती. तिथे नवीन प्लांटर आले, ग्रॅनाइटचे.

या सगळ्याला दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही पोकळ नाहीत. पहिलं असं, की चांगल्या लॉबीने आणि क्लब हाऊसने फ्लॅटचा भाव वाढतो. वाढत असेल. ब्रोकर गिऱ्हाइकाला लॉबीतूनच आणतो, जुन्या इमारतीची कळकट लॉबी बघून तो पाय मागे घेतो. पण ते गिऱ्हाईक लॉबीत तीन मिनिटं थांबतं. आमच्या ८४ घरांपैकी वर्षाला दोनतीन विकली जातात, बाकीचे आम्ही इथेच म्हातारे होणार आहोत.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे: "लोक वाट लावतात." लावतात. वाढदिवसाला केक भिंतीला फासलेला मी पाहिलाय, फेसाच्या फवाऱ्याने पंखा माखलेला पाहिलाय, एसीचा रिमोट दोनदा गायब झालाय. चांगल्या घरातली मुलं असं करतात याचा संताप येतो, आणि साफ करायला कोण लागतं हे बघून तो वाढतो. पण सार्वजनिक जागेची वाट लागते हे काही आजच कळलेलं नाही. जुन्या शाळा, सरकारी दवाखाने आठवून बघा. भिंतीला खालून चार-पाच फूट गडद ऑइल पेंटचा पट्टा, वर चुना. ओल्या फडक्याने पुसलं की साफ. ज्याने ही पद्धत पाडली त्याला लोक कसे आहेत ते माहीत होतं आणि त्याने दवाखान्याला कुलूप लावलं नाही. आजच्या डिझायनरकडे त्या पट्ट्याचे शंभर देखणे पर्याय आहेत: धुता येणारा रंग, कमरेपर्यंत टाइल, काढून धुता येतील अशी सोफ्याची कव्हरं, एक मोडली तर एकच बदलता येईल अशा सुट्या खुर्च्या. खराब होणार हे धरून केलेलं काम डिझायनरला सांगा, ती माणसं ते उत्तम करतात. आपण त्यांना सांगतो, "खराब होणार नाही असं करा," आणि तसं फक्त फोटोत होतं.

पैशांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सभेत तोच पहिला येतो आणि बाकी सगळं गिळून टाकतो. आमच्याकडे एक सूचना अशी आली होती की वर्गणी कशाला, सिंकिंग फंडातून करा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत या फंडासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी ०.७५ टक्के वर्गणी सांगितली आहे. यातला सिंकिंग फंड पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या, वास्तुविशारदाने दाखला दिलेल्या दुरुस्त्यांसाठी असतो. मखमल त्यात बसत नाही. ही सूचना बारगळली हे नशीब. पण मोठ्या दुरुस्तीचा प्रश्न हॉलच्या डोक्यावरच होता, शब्दशः. हॉलवर पोडियमची बाग आहे. तिचं वॉटरप्रूफिंग संपलेलं आहे हे जुन्या छताला आलेल्या ओलीने तीन पावसाळे सांगितलं होतं. फेब्रुवारीत त्याखाली फॉल्स सीलिंग केलं. ओल दिसेनाशी झाली. जुलैत दिव्यांच्या खाचेजवळ बशीएवढा पिवळा डाग उगवला, ऑगस्टमध्ये तो ताटाएवढा झाला. आता गळती कुठून होते ते शोधायला छत फोडावं लागेल, आणि छत फोडायचं तर ११ लाखांतल्या अडीच लाखांवर हातोडा पडेल, म्हणून कुणी विषय काढत नाही. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं तेच उपविधी सांगतात. आमची इमारत एकवीस वर्षांची आहे. ऑडिटचा अहवाल हातात येईपर्यंत एकही दिवा लावायला नको होता. आधी पाणी, मग वीज, मग फरशी, आणि शेवटी रंग. गावाकडचा गवंडीही हा क्रम उलटा करत नाही.

हे सगळं ठरलं त्या सभेत किती जण होते? मी होतो, म्हणून सांगतो. वेळ सकाळी दहा. कोरम नाही, सभा अर्धा तास तहकूब. साडेदहाला त्याच जागी पुन्हा सुरू, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. सतरा माणसं होतो. त्यांत बायका तीन, विशीखालचं कुणी नाही, भाडेकरू अर्थातच नाही. ज्यांनी हॉल रोज वापरला होता ती पोरं सभासद नव्हती आणि भजनी मंडळातल्या बहुतेकींच्या फ्लॅटवर नवऱ्याचं नाव पहिलं होतं. मीही गप्प बसलो. मला सोफे आवडले होते.

डिझायनर बाईंनी त्या सभेत एक प्रश्न विचारला होता, तो मला नंतर पुष्कळदा आठवला. "इथे दिवसभरात कोण कोण येतं?" चेअरमन म्हणाले, "तसं कुणी खास नाही." खालीच वॉचमनच्या केबिनमध्ये त्या प्रश्नाचं सबंध उत्तर वहीत होतं. किल्ली कुणी नेली, किती वाजता, परत कधी दिली. सात वर्षांच्या वह्या. कोणत्याही डिझायनरला याहून चांगला आराखडा मिळाला नसता. आठवड्यातून किती दिवस भजन, किती वाजता पोरं, परीक्षेच्या दिवसांत सकाळी कोण अभ्यासाला येऊन बसायचं, सगळं होतं. त्या वरून निघालं असतं की हॉलला हवाय तो एक मोठा भिंतीतला कपाटाचा खण, ज्यात टीटीचं नऊ बाय पाचचं टेबल दुमडून, कॅरम, तबला-पेटी, सतरंज्या सगळं राहील आणि जागा दिवसातून चारदा बदलेल. एकही कपाट झालं नाही. कपाटाने भिंतीचा लुक जातो, असं कमिटीतल्या एकाचं मत पडलं.

यंदाच्या सप्टेंबरच्या सभेसाठी मी लेखी विषय दिला: हॉलची किल्ली केबिनमध्ये परत टांगावी, सोफ्यांना धुण्याजोगी कव्हरं शिवावीत, छत उघडून गळती काढावी आणि सोफ्यांतले दोन विकून हातांच्या वीस खुर्च्या घ्याव्यात. सेक्रेटरींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि अपेक्षित तेच बोलले: "मग तुम्हीच या ना कमिटीवर." सोसायटीत तक्रारीचं हेच बक्षीस असतं. हो म्हणालो. खुर्च्यांचं ठरेपर्यंत जुन्या प्लास्टिकच्या तरी खाली आणू म्हणून वॉचमनला घेऊन गच्चीवर गेलो. ताडपत्रीखाली साठ असायला हव्या होत्या, सत्तावन्न निघाल्या. उरलेल्या तीन कुठे आहेत ते त्याने खाली येताना सांगितलं. एक त्याच्या केबिनमध्ये आहे, दोन पंपरूमपाशी हाउसकीपिंगच्या बायका डबा खातात तिथे. त्या तिथून हलवायच्या नाहीत, असं जिन्यातच ठरलं.